पलंगपोसाच्या मागून

डब्यावरच्या चिकटपट्टीवर पेन्सिलीनं लिहिलंय:
बाग. मांजर. ऑक्टोबर.
खाणीतला कुणी डॅनिश इंजिनियर
किटवे सोडताना मागे ठेवून गेला.
कटेबेनं तो भंगारातून उचलला दोन कोंबड्या देऊन,
तेही आतल्या रिळाच्या चक्रासाठी.

मांजर आहे. बाग आहे.
एक बाई गुलाबांना नळीनं पाणी घालते,
हसते, हात आडवा धरते: पुरे आता.
आणि मग, काही सूचना न देता,
केज नंबर फोर.

कटेबेच्या दुकानामागची खोली, ताणून बांधलेला पलंगपोस,
आम्ही पाच जण, सगळ्यात धाकटा अडुसष्टचा.
ओरडलं कुणीच नाही.
न्सोफ्वानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

एक्केचाळीस सेकंद. आवाज नाही.
चौघांची तोंडं उघडतात, मिटतात,
पाण्याबाहेरच्या माशांसारखी.
त्यातले तिघे त्या आजारानं गेले, एकाच दशकात,
इतके भराभर की कपेम्ब्वा म्हणतो,
एकच काळा कोट इस्त्री न मोडता तीनदा घातला.

आता वाद.
कुठलं गाणं? बोटांवरून ठरवा.
कुठलं साल? न्सोफ्वा ढोलाच्या चामड्यावरचं ठिगळ दाखवतो:
नाताळात फाटलं होतं, म्हणजे हा पुढचा ऑक्टोबर, चौऱ्याहत्तर.
हॉल कुठला? वेल्फेअरचाच, ते पंखे बघ.
आणि गिटारवर?
गिटारवर लाझारो म्वाबा, दुसरं कोण.

पण हा उजव्या हातानं वाजवतोय.

खोलीतली हवाच गेली.
अख्ख्या कॉपरबेल्टला ठाऊक होतं, म्वाबा डावखुरा.
लग्नात नवरीचा हातसुद्धा त्यानं डाव्यानं धरला
म्हणून पाद्री रुसला होता.
मग हा कोण? बदली? तोतया?
कटेबेनं पुन्हा लावलं. पुन्हा मांजर, पुन्हा बाई, पुरे आता,
पुन्हा तो परका माणूस म्वाबाच्या चेहऱ्यानं.

डोरिका तोवर गप्प होती.
ती उठली, पडद्याजवळ गेली,
इतकी जवळ की बासवाला तिच्या कपाळावर वाजवू लागला.
म्हणाली, बटणं बघा.
चौघांचीही बायकांच्या बाजूला.
हे शर्ट मी शिवलेत, उधारीवर, अजून पैसे यायचेत.
एक चुकेल माझ्या हातून. चार नाही.

इंजिनियरनं तुकडा जोडताना उलटा जोडला होता.
एवढंच.
कटेबे कात्री शोधू लागला, डोरिका म्हणाली, राहू दे रे,
आपणच पलीकडे जाऊ.

तर आम्ही पाच म्हातारे, एकमेकांच्या खांद्यांना धरून,
तेलाचे डबे ओलांडत
पलंगपोसाच्या मागे जाऊन उभे राहिलो.
दिवा थेट डोळ्यांत. कापडाचा ताणाबाणा दिसत होता,
एक जुना चहाचा डागही.
मांजर उलट्या दिशेनं गेलं.
आणि लाझारो म्वाबा डाव्या हातानं आला.

कपेम्ब्वा रडला. मी नाही.
मला माहीत होतं पुढे काय येणार:
शेवटच्या सहा सेकंदांत कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो.
पहिली रांग, बाकं, घामेजलेली पोरं,
प्रत्येकाचा चेहरा लख्ख.
आणि पन्नास वर्षं,
बारमध्ये, मयताला, नातवंडांना,
मी सांगत आलोय की त्या रात्री मी पहिल्या रांगेत होतो.

न्सोफ्वा सापडला, केसांसकट.
डोरिकाचा भाऊ सापडला.
मग कुणी काही बोललं नाही, आणि ते कुणीतरी बोलावं
असं मला वाटत राहिलं.
रीळ संपलं. पांढरा उजेड, फटफट फटफट.

कटेबे दिवा विझवायला गेला.
अंधारात कपेम्ब्वा नाक ओढत म्हणाला,
डावीकडे तो खांब आहे ना, छपराचा,
जाडजूड,
तू त्याच्या मागे असशील.

डोरिका म्हणाली, हो. तिथंच होता.
कोपर दिसलं मला.