सतरावा बाक

सकाळी आठला आम्ही जमलो मोरीपाशी,
जिथे आता मोरी नाही.
व्हर्ना लिंडक्विस्टकडे मोजपट्टी,
ड्वेनकडे कॉफीचा थर्मास,
रोझालिंड ओकाडाकडे मंजूर नकाशा, प्लास्टिकमध्ये घातलेला,
आणि माझ्याकडे वही.
मी समितीचा कारकून. मला मत नाही.

टॅमरॅक बेंड, ऑरेगन. वस्ती चार हजार दोनशे, ओढा एक.
त्याच्या काठासाठी गावानं मतं देऊन कर्जरोखे काढले
आणि रोख्यांवर डोळा ठेवायला ही माणसं नेमली.
पगार नाही, शिक्का आहे.
तो उठल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता निघत नाही.

व्हर्ना चाळीस वर्षं नळजोडणीत होती.
पाणी कुठे मुरतंय
हे तिला बिलावरूनच कळतं.
स्वच्छतागृहात शिरून तिनं नळ सोडला.
तांबूस आलं, मग पिवळट, मग नितळ.
उतारावर तिनं पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.
मग दारावरची पाटी वाचली : सूर्यास्तानंतर बंद.
"सूर्यास्तानंतर माणसाला लागत नाही का?"
ड्वेन हसला. ती हसली नाही.
मी लिहिलं : वेळेचा फेरविचार व्हावा.

मग बाक.
बाकाला दोन हजार एकशे चाळीस डॉलर, बाक सतरा.
आम्ही मोजत गेलो वाळुंजांमधून,
ओल्या पानांवर घसरत,
आणि सोळावर वाट संपली.

रोझालिंडनं नकाशा उलटा करून पाहिला.
सतरावा हवा होता वाहनतळाला लागून,
तोंड कचरापेटीकडे.
तिथे चार खड्डे होते, सिमेंटनं बुजवलेले.

मुकादम युसेबियो बारागान इतका वेळ मागे होता,
पिवळं हेल्मेट काखेत.
काही न बोलता तो झाडीत शिरला. आम्ही त्याच्या मागे.

बाक होता.
वाटेकडे पाठ, पाण्याकडे तोंड.
नकाशात इथे नुसता हिरवा रंग.

"जूनमध्ये आम्ही इथे जेवायचो," तो म्हणाला,
"उलट्या बादल्यांवर.
यंत्र चालू असलं तरी इथे पाणी ऐकू येतं.
मला वाटलं..."
पुढचं त्यानं हेल्मेटमध्ये ठेवलं.

व्हर्ना बसली.
गोट्यांत एक सामन मासा होता,
पाठ सोललेली, शेपटी झिजून पांढरी.
जुन्या मोरीच्या वर इतका मोठा मासा
ड्वेननं शाळेत असताना पाहिला होता.
थर्मासचं झाकण त्याच्या हातात तसंच राहिलं.
ओढा कुणीकडे, ते नकाशाला विचारायचं नसतं.

तरी ती उठली आणि तिनं पट्टी काढली.
काठापासून पंधरा फूट, असा नियम.
भरले चौदा फूट दोन इंच.
दहा इंच कमी : माझा एक बूट, टाचेची झीज धरून.
"लिही," ती म्हणाली. मी लिहिलं.
युसेबियो खाली पाहत होता.

मंगळवारी नगर परिषद. विषय नऊ.
सदस्य हॉलिस ग्रीनवॉल्ट म्हणाले, नियम म्हणजे नियम,
आज दहा इंच, उद्या दहा फूट.
ते खोटं बोलत नव्हते. मागच्या खेपेला असंच झालं होतं,
कुणाकुणाचे हात ओढ्यात धुऊन निघाले होते.
व्हर्ना म्हणाली, "बरोबर.
एका बाकाचे पैसे रोखून धरा, बाकीचे द्या.
आणि हलवायचं ठरवण्याआधी
प्रत्येकानं तिथे एकदा बसून या. एकेकट्यानं."
तिची तीन मिनिटं संपली. घंटी वाजली.

पाच विरुद्ध दोन. निर्णय पुढच्या बैठकीत.

शनिवारी मी तिकडून चाललो होतो.
झाडीच्या तोंडाशी ग्रीनवॉल्टांची गाडी, इंजिन गार.
मी आत गेलो नाही.
परतताना स्वच्छतागृहाचं दार ढकलून पाहिलं.
अंधार पडला होता.
कुलूप होतं.