धुक्याची सोय

नारायण पेठेत झेरॉक्सच्या दुकानावर
दिवसभर मी स्थळं सुचवते.
उंची, पगार, पत्रिका, चष्मा आहे की नाही.
साडेसातला शटर ओढते
आणि कोथरूड डेपोच्या बसमध्ये
खिडकीची जागा मिळाली तर
मोबाईलवर ड्रॅगनची अंडी बघते.

भाचीनं शिकवलं, शाल्मलीनं.
म्हणाली, मावशी, तुला जमेल, तू तेच तर करतेस.

तेच नाही.
इथे नर-मादी समोरासमोर ठेवायचे, बटण दाबायचं.
‘दोघांना एकमेकांत रस दिसत नाही.’
एक ओळ. संपलं.
कळवतो कळवतो म्हणत
तीन महिने कुणी झुलवत नाही.

कुळ मात्र बघावं लागतं.
आठ पिढ्या मागे जाऊन
पणजोबा एकच निघाला तर सोडून द्यायचं.
माझी तांबडी मादी दालचिनी,
करडा नर दगडफूल.
त्यांची घराणी मी लिहून ठेवलीत
जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर.
सहा वेळा नकार.
सातव्यांदा अंडं.

अंड्याला अंगाची ऊब नको असते.
लोकांनी बघावं लागतं.
जेवढे डोळे, तेवढे तडे.
पण फार बघितलं की आजारी पडतं,
कवच मऊ होतं, आतली हालचाल थांबते.
मग वरून धुकं पांघरायचं, तशी सोय आहे.
दोन दिवस कुणालाच दिसत नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा
बस अलका टॉकीजच्या सिग्नलला होती.
परत वाचलं.
सिग्नल सुटला, कंडक्टर सुट्ट्यांसाठी उभा,
मी तेच वाचत होते.

सत्तावीस जण बघून गेले मला,
एक्क्याण्णव ते शहाण्णव.
साड्या दोनच, आलटून पालटून.
मंचरचे एक काका म्हणाले होते,
जरा चालून दाखव बेटा, दारापर्यंत.
मी गेले. आणि परतही आले,
याचंच अजून नवल वाटतं.

गेल्या मंगळवारी
एक आई फॉर्म भरत होती.
रंगाच्या रकान्यात ‘गव्हाळ’ लिहून खोडलं, ‘निमगोरा’ लिहिलं.
मुलगी ऋजुता, शेजारी,
नजर माझ्या टेबलावरच्या मोबाईलवर.
हळूच म्हणाली, काकू, तडा गेलाय.

खरंच गेला होता.
आम्ही दोघी वाकलो.
आधी नखं आली, मग एक ओला, चिडका जबडा.
आई म्हणाली, काय बघताय? फोटो कुठे लावू?

फोटो राहू दे सध्या, म्हटलं.
चौकट रिकामी ठेवून
फॉर्म मी खालच्या खणात सरकवला.
दोन दिवस म्हणून.
अजून तिथेच आहे.

पिल्लाला नाव दिलेलं नाही.
शाल्मली रोज विचारते, नर की मादी?
पंख फुटले की कळवते, म्हटलं.