टेकू

हर्णैचा संध्याकाळचा लिलाव आटपला
की येसू दोरकुळकर माझ्या पडवीत यायची.
पाटी बाहेर ठेवायची. सुरमईचा वास तेवढा आत येऊन
मसुद्याच्या कागदांत बसायचा.

बोट विकून आलेले अकरा लाख.
खाडीपलीकडे चार खाटांचा दवाखाना, त्याचा न्यास जुना,
प्रामाणिक आणि कायमचा कफल्लक.
सुनेच्या बाळंतपणाचं बिल त्यांनी मागितलंच नव्हतं.
"सात वर्षं पापलेट धाडत्येय. पापलेटावर जनरेटर चालतो का?"

मग देऊन टाक, म्हटलं.
"एकदा दिले तर एकदाच संपतील."

म्हणून हा दुसरा न्यास, पहिल्यासाठी.
हा नाडी बघणार नाही, सुई टोचणार नाही.
मुद्दल सांभाळेल, व्याज तरीतून पलीकडे जाईल.
कलम तीन, उद्देश : एक ओळ.
कलम सहा, विश्वस्त पाच :
तिघे दवाखान्याचे, एक मी, एक ती.

तिथे ती अडली.
"पैसे माजे, नि मत येकच?"
मी चष्मा लावून कायदा चाळू लागलो.
ती बंदराच्या दिव्याकडे बघत होती. मग आपणच म्हणाली,
"बरोबर हाय. पुकारणाऱ्यानं बोली लावू नये."

मी ते समासात पेन्सिलीने लिहिलं.
रत्नागिरीच्या वकिलांनी खोडलं.

नाव? यजमानांचं द्या, ते म्हणाले, तशी रीत आहे.
"तो दवाखान्याला भ्यायचा," येसू म्हणाली
आणि कधीची तयारी असल्यागत एक शब्द सांगितला.

पावसाळ्यात ओढून घेतलेल्या होड्या
ज्यांवर कलून उभ्या असतात, ते ऐनाचे ओंडके.
नारळ होडीला फुटतो. हळदकुंकू होडीला.
टेकू दर्यात जात नाही.

कारकुनाने दोनदा विचारलं, एवढंच नाव?
एवढंच.
शिक्का जरा तिरका बसला.

पहिलं तिमाही व्याज एकोणीस हजार दोनशे पन्नास.
पावती आली ती तिने वाचून घेतली माझ्याकडून,
घडी करून बटव्यात, सुपारीशेजारी.
आता ती दुसऱ्यांची मासळी पुकारते.

होड्या गेल्यात. टेकू वाळूत आडवे पडलेत,
कुणी पोर त्यावर बसून गळ बांधतंय,
आणि एकावर ती,
सुटे पैसे मोजत,
मधेच चुकत,
पुन्हा पहिल्यापासून.