आणखी काय?

दहीपुलाच्या उतारावर आमचं दुकान.
पाटी आजोबांनी रंगवून घेतलेली: शिरोडे जनरल स्टोअर्स,
खाली बारीक अक्षरांत, ‘येथे सर्व काही मिळेल.’
सर्व काही म्हणजे
कापूर, कुलूप, काजळ, जवस, बुटाची नाडी,
शाईची दौत, गिऱ्हाईक नाही पण आहे,
उंदराचा पिंजरा, तांब्याचा गडू.

तेजल म्हणाली, पप्पा,
सर्व काही कोणी शोधत नाही.
रात्री अंथरुणात मोबाईलवर बोट फिरवणारा माणूस
एकच गोष्ट शोधत असतो.

मग तिने दुकानाच्या फोडी केल्या.
वातींचं एक दुकान, पांढरंशुभ्र.
तांब्याचं एक.
तीळ-जवस-कारळ्यांचं एक, त्यावर घाम पुसणारी सडपातळ मुलगी.
पिंजऱ्यांचं एक, नाव इंग्रजी, उंदीर हसरा.
चार नावं, चार रंग,
आणि माल सगळा माळ्यावरच्या त्याच फळीवर
जिथे मांजर झोपते.

मी हसलो. म्हटलं, चुली चार मांडल्यास, रांधणारी एकच.
पण खोटं का बोलू,
गेल्या वर्षी विजेचं बिल पिंजऱ्यांनीच भरलं,
आणि माझी दाढही.
थेट कोईमतूरहून मागणी येते. तिथले उंदीर
नाशिकच्या तारेत अडकतात.
गल्ल्यावर बसून मी दिवसाला सहा माणसं मोजायचो,
त्यातली दोन पत्ता विचारायला आलेली.

परवा सकाळी चहा घेता घेता ती म्हणाली,
रात्रीत तीन नवे ग्राहक, तीन दुकानांत एकेक.
मी चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या, माझं काम तेवढंच.
लांब वात, रात्रभर जळणारी, एक पुडा.
गडू, सर्वांत लहान.
काळे तीळ, पावशेर.
तिन्हींवर परतवाड्याची एकच गल्ली, एकच नाव,
वेळ रात्रीची, दोन चाळीस, दोन त्रेचाळीस, दोन एक्कावन्न.

तीन दुकानांना तीन माणसं दिसली.
एकाला भाविक,
एकाला तांब्यातलं पाणी पिणारा,
आणि तिळाच्या दुकानाने तर त्याला विचारलंही,
यासोबत प्रोटीनचा डबा घ्याल का?

चाळीस वर्षं याद्या वाचल्यात मी.
डिंक, खारीक, अळीव: लेक माहेरी आली.
वह्या, कव्हरं, आणि न मागता एक गोळी: पोरगं रडत शाळेत चाललंय.
यादी वाचली की घर कळतं.
आणि एखाद्या यादीला
‘आणखी काय?’ विचारायचं नसतं.
पुडी बांधायची, सुट्टे नंतर द्या म्हणायचं.

मी तिन्ही वस्तू एकाच खोक्यात घातल्या.
सवलतीची कुपनं काढून टाकली,
हसऱ्या तोंडाचं आभाराचं कार्डसुद्धा.
कुरिअरच्या पोऱ्याला बजावलं,
आज निघालं पाहिजे, दिवस मोजके असतात.

तेजल म्हणाली, पप्पा, पार्सलं तीन आहेत,
त्याला कळेल ना, सगळं आपलंच आहे.
कळू दे, म्हटलं.
तिने चिठ्ठ्या पुन्हा हातात घेतल्या,
एकीखाली एक धरल्या, वाचल्या,
आणि चहा तसाच राहिला.

मग न बोलता तिने दोन पार्सलांचं टपाल परत पाठवलं
आणि पिंजरे बांधायला बसली.
त्या दिवशी अकरा होते.