वांगडा

सीबच्या कोर्टात एसी इतका गार
की आरोपी रडली तरी सर्दी झाल्यासारखी वाटते.
मी दुभाषा. मुकादम, मूळचा विजयदुर्गकडचा.
तासाला आठ रियाल, पार्किंग वेगळं.

कुंदा आरोलकर, वय सत्तेचाळीस.
एकाच घरात पाच वर्षं,
मुहन्नद जन्मला त्या आठवड्यापासून.
बालवाडीच्या फाटकातून त्याला घेऊन गेली.
अकरा तासांनी सापडले किनाऱ्यावर,
पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत.
पोरगा झोपलेला, खिशात शिंपले,
पाय धुतलेले.

बाहेर निकाल कधीच लागला होता.
करक चहाच्या खिडकीपाशी गाड्यांच्या काचा खाली करून
माणसं शिक्षा वाटत होती, भजी वाटावी तशी.
एक म्हणाला, या बायकांची टोळी असते.
एक म्हणाला, किडनी.
माझ्या खोलीतला रत्नागिरीचा पोरगा म्हणाला,
आपल्या लोकांचं नाव घालवलंन.
मी साखर ढवळत राहिलो,
विरघळून गेल्यावरही.

फाईलमधलं पान चौदा:
मूल पुन्हा पुन्हा एकच शब्द उच्चारतं, खाय.
बहुधा साथीदाराचं नाव.
तीन दिवस पोलीस खाय नावाच्या माणसाला शोधत होते,
बरका, सुवैक, थेट सोहारपर्यंत.
मी उठून सांगितलं, साहेब, हा माणूस नाही,
हा प्रश्न आहे. खंय म्हणजे कुठे.
कारकुनाने पेन उचललं, परत ठेवलं.
प्रश्नासाठी रकाना नव्हता.

मग तिला विचारलं, तू काय केलंस?
ती म्हणाली,
'दुसऱ्या दिसाचा तिकीट होता माझा.
तो इचारी, खंय गो जातलंस?
म्हणान दर्यार घेवन गेलंय. वांगडा.'
आणि गप्प.

अरबीत माझ्यासमोर दोन क्रियापदं.
खतफ, घारीने उचलावं तसं.
अखज, पिशवी उचलावी तसं.
दोन्हींत एक जण नेतो आणि एक जण नेला जातो.
वांगडा म्हटलं की दोघं चालतात,
एकाचा हात वर, एकाचा खाली,
आणि मोठं माणूस लहानाच्या चालीने चालतं.

मी शपथ घेतलेली आहे,
मधे स्वतःचं काही घालायचं नाही.
पण माझी मुलगी तिच्या आईने
मे महिन्याच्या सुट्टीत नेली ती नेलीच.
नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगतो, पळवली.
तो शब्द कुणी तपासून घेतला नव्हता.

मी म्हणालो, मअहा. तिच्यासोबत.
न्यायाधीश म्हणाले, क्रियापद सांगा.
घसा कोरडा पडला होता.
अखज, मी म्हणालो.

तीन महिने कैद, मग देशाबाहेर.
म्हणजे तिकिटाची तारीख तेवढी बदलली.
निकाल मी तिला समजावला.
तिने विचारलं, 'तो जेवता मा?'
याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

पार्किंगमध्ये शमसा उभी होती, पोराची आई,
काळा चष्मा हातात.
तो झोपत नाही, ती म्हणाली.
रात्री हे म्हणायला सांगतो, मला येत नाही.
तिने फोन पुढे धरला.
हा मंत्र आहे का? जादू? खरं सांगा.

पेंगुळलेला आवाज:
तारली, बांगडो, पेडवे, सौंदाळो, मोरी,
परत तारली.

बाई, मी म्हणालो, हे मासे आहेत.
नुसती माशांची नावं.

ती गाडीला टेकली. पत्रा तापलेला होता,
तिच्या लक्षात आलं नाही.
परत लावलं. परत.
मग हळूच माझ्यामागून म्हणू लागली.
तिच्या भाषेत प नाही.
बेडवे, ती म्हणाली.
पेडवे.
बेडवे.