दहा ग्रॅम

रास्ता पेठेत, औषधांच्या दुकानामागे माझी खोली.
आज पहिला नंबर निवृत्ती ढमढेरे,
चिंचवडच्या टूलरूममधून रिटायर,
साखर बावीस वर्षं, डाव्या तळव्याला पट्टी.

"चपलेला खिळा आला होता," ते म्हणाले,
"आठ दिवस तसाच हिंडलो. काय नाय कळलं.
नातीनं फरशीवर ठिपके बघितले,
तिला वाटलं, आजीनं गेरू सांडला."

डोळे मिटा, मी म्हटलं.
नायलॉनचा धागा, दहा ग्रॅमला वाकणारा,
अंगठ्याला टेकवला.
कळलं की हो म्हणायचं.
पंखा फिरत होता.
टाचेला. करंगळीखाली. चवड्यावर.
बाहेर कुणीतरी नारळ फोडला.
मग गृहपाठ न केलेल्या मुलासारखं, अंदाजानं :
"हो?"

तेव्हा मी धागा टेकवलाच नव्हता.

शिकताना पाठ केलेलं सगळं आठवतं मला.
कातडीखाली खोल एक गाठ, कांद्यासारखी,
पापुद्र्यावर पापुद्रा, ती थरथर ओळखते;
स्थिर गोष्टींचा तिला कंटाळा.
दुसऱ्या चपट्या, चिकाटीच्या :
दाबलंय, अजून दाबलंय,
असं कळवत बसणाऱ्या.
आणि दुखण्याला गाठ नाही, आवरण नाही,
नुसती उघडी टोकं, मुळ्यांसारखी.
त्यांचा निरोप दोन वाटांनी निघतो,
एक स्कूटरवर, एक पायी.
पायी निघालेला उशिरा पोचतो
आणि मुक्कामाला राहतो.

मुक्कामाला कुणी आलंच नाही
तर घर कसं वागतं,
हे परीक्षेत विचारलं नव्हतं.

ट्यूनिंग फोर्क तळहातावर आपटून
घोट्याच्या हाडावर धरला. काय वाटतंय?
"वाजतोय, तेवढं ऐकू येतंय."

उभे राहा. पाय जुळवा. आता डोळे.
स्नायूंच्या आत ताणले जाणारे तंतू असतात,
घोटा किती वळला, गुडघा कुठं आहे
याची अंधारातही नोंद ठेवणारे.
दळणाचा डबा घेऊन जिना उतरताना
आपण पायरी बघत नाही, ती त्यांच्या भरवशावर.
ढमढेरे झुलले.
मी दंड धरला.
"पर्वती चढायचो मी, पहाटे चारला, बिनबॅटरीचा,"
हे ते मला नाही,
दंड धरलेल्या हाताला म्हणाले.

मग बसले, आणि काही न विचारता
टेबलावरचा फोर्क उचलला.
एका दांडीवरून दुसरीवर
तर्जनी फिरवली, सावकाश,
झोपलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावी तशी.
"ही बाजू खाल्लीय. दोन-तीन शतांश.
पडला होता का?"

पडला होता. दिवाळीच्या साफसफाईत.
मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"चाळीस वर्षं हेच केलं. गेज खोटं बोलंल एक वेळ."

सगळ्यात लांबच्या वाटेवरचे दिवे आधी जातात.
बोटांना अजून कुणी
पायांचं कळवलेलं नाही.

रिपोर्टात त्याला रकाना नाही.
लिहिलं : उजवा, दहापैकी तीन. डावा, शून्य.
सांगितलं, रोज रात्री आरसा धरून तळवे बघा,
अनवाणी हिंडू नका, देवळात मोजे घाला,
आणि चप्पल घालण्याआधी
आतून हात फिरवून घ्या.

"हात," ते म्हणाले,
आणि पहिल्यांदा हसले.

दारात चप्पल उलटी करून झटकली,
आत बोटं घातली, कोपऱ्या-कोपऱ्यातून,
जॉब पास करायचा की नाही
ते ठरवत असल्यासारखी.
मागचा पेशंट घड्याळ बघत होता.
मग गेले, मान खाली,
एकेक पाऊल डोळ्यांनी ठेवत.

संध्याकाळी दारूवाला पुलाशी गाडी अडकली.
हँडलमधून इंजिनाची थरथर मनगटापर्यंत येत होती.
सँडलमध्ये कुठूनसा खडा आला होता, टाचेखाली,
बारका, अणकुचीदार.
सिग्नल दोनदा सुटला.
मी तो राहू दिला.