जुनं पाणी

सकाळी सात वाजता सहा.
दुपारी भांडी घासून आले तर आणखी दोन.
चहाच्या गाळणीनं काढले
आणि मग ती गाळणीच फेकून दिली.

हिरेमठांची बदली गदगला झाली
तेव्हा काचेची टाकी टेम्पोत मावली नाही.
"अक्का, तुमच्याकडंच राहू दे," म्हणाले,
"चिमूटभर खाणं घाला. पाणी जास्त बदलू नका."
तीन वर्षांचे भाडेकरू. पाच तारीख कधी चुकवली नाही.
त्यांच्या माशांना मी घाणीत ठेवू?

तर रविवारी नळ आला होता,
वडगावात नळ येतो, दिवस सांगून येत नाही,
मी पदर खोचला.
खडे धुतले तांदळासारखे, पाणी नितळ होईस्तोवर.
काच पुसली जुन्या पेपरानं.
आणि फिल्टरमधला तो स्पंज,
तपकिरी, बुळबुळीत, डबक्याचा वास मारणारा,
नळाखाली धरून पिळला, पिळला,
पांढरा होईपर्यंत.
टाकी इतकी लख्ख
की मासे हवेत तरंगतायत असं वाटलं.
शेजारची कावेरी म्हणाली, "काय चकाचक करुलालीस गं!"

मंगळवारी ते वर येऊन तोंडं उघडायला लागले.
मला वाटलं, भूक.
आणखी खाणं टाकलं.

आठ गेल्यावर मी सगळ्यांवर संशय घेतला.
मागच्या गल्लीतल्या यंत्रमागाच्या तेलावर,
डासांच्या लिक्विडवर,
रात्री दोन तास गेलेल्या लाईटीवर,
कावेरीच्या नजरेवरसुद्धा.
फक्त माझे हात तेवढे सोडून.

ईरण्णाचं दुकान शहापुरात, पंक्चरवाल्याच्या बाजूला.
औषधाच्या बाटलीतून पाणी नेलं.
त्यानं नळकांड्यात थेंब टाकले, हलवलं.
"पिवळं राहिलं तर बरं," म्हणाला.
पाणी हिरवं झालं.
इरकलीच्या काठाला शोभेल असं हिरवं.
जन्मभर मी या रंगाला चांगलं समजत आले.

"स्पंज धुतला काय?"
"धुतला की. स्वच्छ."
त्यानं कपाळाला हात लावला नाही, एवढे उपकार.
म्हणाला, त्या तपकिरीत वस्ती असते,
डोळ्यांना न दिसणारी,
माशांची घाण खाऊन जगणारी.
बसायला महिना-दीड महिना लागतो.
नळाच्या ब्लीचिंगनं ती एका पिळ्यात गेली,
मग आपल्याच मुतात गुदमरले बिचारे.
"हळे नीरु बेकु, अक्का."
जुनं पाणी लागतं.
नवं घालायचं तर थोडं थोडं, बादलीत एक रात्र बसवून.
दोन दिवस खाणं बंद.
आणि आपल्या टाकीतला एक मळका स्पंज
पिशवीत घालून दिला.
पैसे घेतले नाहीत.
मळाचे कसले पैसे, म्हणाला.

रिक्षा मिळाली नाही.
शहापूर ते वडगाव चालत आले
ती घाण उराशी धरून.
पिशवी गळत होती, पदर भिजत होता,
मी हळू चालत होते,
आत कुणीतरी झोपलंय अशी.

आता अंगणात बादल्या असतात, वर धोतराचा तुकडा.
कावेरी विचारते, कुणाची पूजा?
काच पुसायचं सोडलंय.
बोटं शिवशिवतात, मग लसूण सोलत बसते.
तीन उरलेत. एकाची शेपटी झिजलेली.
तोच सगळ्यात आधी पुढे येतो.

रविवारी हिरेमठांचा फोन.
"अक्का, मीनु हेंग अदाव?"
"छलो अदाव," मी म्हणाले.
माझं कन्नड तेवढंच.
खोटं बोलण्यापुरतं.

कढीपत्त्याच्या कुंडीत आठ आहेत.
या महिन्यात त्याला फुटवा जोराचा आलाय,
कोवळा, चकचकीत.
फोडणी करताना हात तिकडं जातो
आणि मी जिऱ्यावर भागवते.